यॉर्ट कोण म्हणालं

नॉर्वेतल्या आमच्या फियोर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, दोन्ही काठांवर मिळून माणसं नऊशे. हरणं किती ते कुणी मोजलेलं नाही, पण माणसांपेक्षा जास्त, एवढं नक्की. हरणाला आम्ही यॉर्ट म्हणतो. स्वीडनमध्येही यॉर्टच म्हणतात आणि डेन्मार्कमध्येही यॉर्टच. एरवी डॅनिश माणूस बोलायला लागला की तोंडात गरम बटाटा धरून बोलतोय असं आम्हाला वाटतं, निम्मं डोक्यावरून जातं. हा शब्द मात्र तिघांचा सारखा, त्यामुळे मला तो त्या डॅनिश पोरीला समजावून सांगावा लागला नाही. सांगावा लागला असता तर फार बरं झालं असतं, कारण तेवढ्या वेळात दोघांपैकी एकानं तरी विचार केला असता.

माझं नाव ओडगेर. गावच्या वन्यप्राणी पथकात एकोणतीस वर्षं आहे. पथक म्हणजे मी, माझी कुत्री टीरा आणि एक बंदूक. रस्त्यावर गाडीनं हरीण उडवलं की पोलीस मला कळवतात, मी गाडीवाल्याशी बोलतो, मग टीराला घेऊन जातो, जखमी जनावर शोधून काढतो आणि त्याचे हाल संपवतो. शरदात आठवड्याला दोन-तीन तरी होतात. या कामात माझं नाव आहे. एकोणतीस वर्षांत फक्त चार जनावरं मला सापडली नाहीत आणि त्या चारही जागा मला पाठ आहेत. हे मी पूर्वी ज्याला त्याला सांगत असे, कुणी विचारलं नाही तरी.

त्या दिवशी ऑक्टोबरची पंधरा तारीख होती. संध्याकाळी साडेसहाला पोलिसांच्या कक्षातून फोन आला. पेट्रोल पंपाच्या पुढच्या वळणावर कुणीतरी काहीतरी उडवलंय, घरोघरी जाणारी नर्स आहे, हा तिचा नंबर. माझी बायको माग्नहिल ओट्याशी बटाटे सोलत होती. मी बंदूक पुसत बसलो होतो, हात तेलाचे होते, म्हणून तिचा नंबर लावून मोबाइल टेबलावर ठेवला आणि स्पीकर चालू केला. त्यामुळे पुढचं सगळं तिनंही ऐकलं.

"मी सिग्ने बोलतेय," पलीकडून आवाज आला. आवाज थरथरत होता.

सिग्ने मे महिन्यात आमच्याकडे कामाला आलेली डॅनिश पोरगी, सव्विशीतली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन औषधं देणं, जखमा बांधणं, अंघोळ घालणं, हे तिचं काम. म्हातारे तिच्यावर खूश होते, कारण ती घाई करायची नाही.

"तुला लागलंय का?" मी विचारलं.

"मला काही नाही. उजवा दिवा फुटलाय, आरसा गेलाय. धुकं होतं. काहीतरी करडं एकदम पुढं आलं, धडकलं आणि रस्त्याच्या खाली गेलं. झुडपांत."

"यॉर्ट," मी म्हणालो.

"मला नीट दिसलं नाही हो."

"अगं, कुणालाच नीट दिसत नाही. त्या वळणावरचं या महिन्यातलं हे पाचवं. यॉर्टच आहे."

"खालून आवाज येतोय. कण्हल्यासारखा. मी जाऊन बघू का? माझ्याकडे टॉर्च आहे."

"मुळीच नाही! नर सध्या माजावर आलेत, दिवसरात्र ओरडतायत, ऐकलं नाहीस? जवळ गेलीस तर शिंगानं पोट फाडेल. आणि तू खाली उतरलीस की ते जनावर उठून पळणार, मग मी ते डोंगरभर शोधत बसू का? गाडीत जागेची खूण करायची केशरी पट्टी असेल, ती खांबाला बांध आणि नीघ."

"पण मी नर्स आहे," ती म्हणाली.

मला हसू आलं. "हरणांची नाहीस ना? अजून कुणाकडे जायचंय की नाही तुला?"

"दोघांकडे."

"मग जा. ते वाट बघत असतील. पुढचं माझ्यावर सोड."

ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

आता आमच्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी. जखमी जनावराच्या मागं लगेच जायचं नाही. लगेच गेलं की ते भीतीच्या जोरावर उठतं आणि मोडक्या पायानंही दोन-तीन किलोमीटर जातं. त्याला एकटं सोडलं की ते पहिल्या आडोशाला बसतं, अंग आखडतं, आणि मग त्याला उठवत नाही. म्हणून तासभर थांबायचं. हे आम्हाला अनफिननं शिकवलं. आमच्या शिकारीच्या टोळीचा तो सर्वांत जुना माणूस, आता एकोणऐंशी वर्षांचा, त्याच वळणाच्या वर एकटा राहणारा. "आधी पाइप ओढा," तो म्हणायचा, "मग कॉफी प्या, मग पुन्हा पाइप ओढा. तुम्हाला घाई असेल, त्याला नाही." गावातल्या निम्म्या शिकाऱ्यांना त्यानं असंच बसवून ठेवलं होतं. पोरं कुरकुरायची, मीही कुरकुरलो होतो.

मी फॉर्म काढला. जनावर: यॉर्ट. लिंग: नर. स्थिती: जखमी. जायच्या आधीच भरून टाकला, म्हणजे परत आल्यावर कटकट नको.

"निघत नाहीस?" माग्नहिलनं विचारलं.

"पडू दे त्याला जरा."

"ती पोरगी घाबरली होती."

"नवी आहे. सपाट मुलखातली. तिकडं हरणं कुंपणाच्या आत असतात, लोक त्यांना गाजरं घालतात."

आम्ही बटाटे आणि माशाचे वडे खाल्ले. मी दोन कप कॉफी प्यालो. दुसरा कप मला नकोही होता, घड्याळात अजून पंधरा मिनिटं होती म्हणून प्यालो. हे मी पुढं कितीतरी वेळा मनात उगाळलं आहे.

पावणेआठला मी वळणावर पोचलो. खांबाला पट्टी होती, जखमेला बांधावी तशी नीट, गाठ एका बाजूला. रस्त्यावर काचा होत्या. मी गुडघ्यावर बसून टॉर्चच्या उजेडात केस शोधले. हरीण गाडीला धडकलं की केस पडतातच, मूठभर तरी पडतात, काचांत अडकतात, डांबराला चिकटतात. एकही केस नव्हता. टीरानं काचांचा वास घेतला, कडेच्या गवताचा घेतला आणि खाली बसून माझ्याकडे बघत राहिली.

"काय झालं तुला? सर्दी झालीय का?" मी तिच्यावर खेकसलो. "चल, शोध!"

ती उठेना. हरणाचा वास असता तर ती अशी बसली नसती. मी तिला तिथंच सोडून कडेवरून खाली उतरलो.

तो झुडपांच्या तळाशी नव्हता. तळाशी पडला होता, पण तिथून रस्त्याच्या दिशेनं चार-पाच मीटर वर सरकत आला होता. गवत मोडलेलं होतं, ओलं होतं. अंगात करडा विणलेला स्वेटर, हातात रस्त्याकडेच्या पत्रपेटीतून काढलेलं वर्तमानपत्र तसंच. मांडीचं हाड बाहेर आलेलं. कमरेचा पट्टा सोडून त्यानं मांडीभोवती घेतला होता, पण बोटांत ओढायचा जोर उरला नसावा, तो सैलच होता. मी त्याच्या कॉलरखाली हात घातला. मान कोमट होती.

"अनफिन," मी म्हणालो. "अरे अनफिन, मी आलोय."

पट्टा मी आवळला. आवळून काही उपयोग नाही हे मला कळत होतं, मेलेलं काय असतं ते माझ्याइतकं कुणाला कळतं? तरी आवळून धरला आणि अँब्युलन्स येईपर्यंत सोडला नाही.

त्यांच्याबरोबर रेइदार आला. रेइदार आमच्याकडचा पोलीस आणि आमच्याच शिकारीच्या टोळीतला. अनफिनला बघून तो बाजूला गेला, नाक शिंकरलं, मग वही काढून आला.

"नर्सनं उडवला?"

"हो."

"आणि थांबून बघितलंसुद्धा नाही? नर्स असून?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या टोपीवर धुक्याचे थेंब जमले होते. टीरा वर रस्त्यावर कुंई कुंई करत होती. खरं काय ते माझ्या तोंडाशी होतं, खोटं बोलायचं असं मी ठरवलंही नव्हतं.

"ती म्हणाली, यॉर्ट आहे," मी म्हणालो.

रेइदारनं लिहून घेतलं. मी काय सांगितलं, ते त्यानं विचारलं नाही. ओडगेरनं बरोबरच सांगितलं असणार, असं गावात सगळेच धरून चालतात.

घरी आलो तर माग्नहिल दारातच उभी होती. बातमी माझ्या आधी पोचली होती.

"रेइदारला काय सांगितलंस?"

मी सांगितलं.

"ती असं म्हणाली नव्हती."

"माहितीय मला."

"ती खाली जाते म्हणाली होती, ओडगेर. टॉर्च आहे म्हणाली होती."

"माहितीय म्हटलं ना!" मी ओरडलो. ती आत निघून गेली. त्या रात्रीपासून ती वरच्या खोलीत झोपायला लागली.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरचा अहवाल आला. अनफिन तासाभराहून जास्त जिवंत होता. मांडी कुणी वेळेवर आवळून बांधली असती तर बहुतेक वाचला असता. गावानं मग तोंड सोडलं. दुकानात, पंपावर, चर्चच्या पायऱ्यांवर एकच विषय. "माणूस आणि हरीण यांतला फरक कळत नाही आणि म्हणे नर्स!" "पट्टी बांधून गेली बघ, काय पण काळजी!" "अशीला आपले म्हातारे सांभाळायला दिलेत." मी काउंटरशी उभा राहून पावाचे पैसे देत होतो आणि सगळे माझ्याकडे बघून मान हलवत होते. ओडगेरवर काय वेळ आली बिचाऱ्यावर, अशा नजरेनं. मला ती नजर बरी वाटत होती. लाज वाटते सांगायला, पण बरी वाटत होती.

सिग्नेला कामावरून घरी बसवलं. जखमी माणसाला टाकून गेली म्हणून केस होणार होती आणि तिचा नर्सचा परवाना ठेवायचा की काढायचा ते जबाब बघून ठरणार होतं. परवाना गेला की संपलं. नॉर्वेत नाही, डेन्मार्कमध्ये नाही, कुठंच तिला कुणी कामाला घेणार नाही. हे सगळं एका शब्दावर अडलं होतं आणि तो शब्द कुणाचा, ते तीनच माणसांना माहीत होतं, मला, माग्नहिलला आणि तिला. निदान मला तसं वाटत होतं.

अंत्यविधीच्या आदल्या दिवशी माग्नहिलनं माझ्यासमोर कॉफी ठेवली आणि स्वतः उभीच राहिली.

"तू सांगणार आहेस की नाही?"

"सांगून अनफिन परत येणार आहे का?"

"ती पोरगी जिवंत आहे ना अजून. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन. पण मी सांगितलं तर या घरात राहून नाही सांगणार."

चौतीस वर्षांच्या संसारात ती असं कधी बोलली नव्हती. मी कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

आमच्याकडे दफन झालं की सगळे गावच्या सभागृहात जमतात. कॉफी असते, पावाचे तुकडे असतात, क्रीमचे केक असतात आणि ज्याला मेलेल्या माणसाबद्दल काही बोलायचं असेल तो उभा राहतो. शंभरेक माणसं होती. आधी शाळेतल्या मास्तरांनी अनफिनचे किस्से सांगितले, लोक हसले, रडले. मग मी उभा राहिलो. 

"यॉर्ट ती म्हणाली नव्हती," मी म्हणालो. "मी म्हणालो. ती म्हणाली, काहीतरी करडं. ती म्हणाली, कण्हण्याचा आवाज येतोय, मी खाली जाऊन बघते. मीच तिला जाऊ दिलं नाही. तिची चेष्टा केली. आणि मग घरी बसून जेवलो, दोन कप कॉफी प्यालो, आणि अनफिन तिथं पट्टा आवळायचा प्रयत्न करत होता. आणि नंतर रेइदारला मी खोटं सांगितलं."

 मला वाटलं आता कुणीतरी उठेल, कानाखाली मारेल, निदान 'चालता हो' म्हणेल. मी त्याचीच वाट बघत होतो.

पहिल्या टेबलाशी अनफिनची बहीण बसली होती, तोरबियोर्ग, चौऱ्याऐंशी वर्षांची. ती काठीवर हात ठेवून म्हणाली, "ओडगेर, बस खाली. त्याला कुणी फोन केला असता तर त्यानंही हेच सांगितलं असतं. तासभर थांबा, म्हणाला असता."

आणि मग सगळा हॉल एकदम सैल झाला. कुणीतरी माझ्या कपात कॉफी ओतली. माझ्या खांद्यावर हात पडायला लागले. "अरे, आपण कुणीही हेच केलं असतं." "नियमच आहे तो." "जिवाला लावून घेऊ नकोस." केक पुन्हा फिरायला लागला. तिघाचौघांनी तर मला मिठी मारली. दोन मिनिटांत त्यांनी मला माफ करून टाकलं आणि सिग्नेचं नाव एकाच्याही तोंडून निघालं नाही. तिला कुणी बोलावलंच नव्हतं.

मी रेइदारला हाताला धरून बाहेर काढलं.

"जबाब बदलून घे."

"शांत हो जरा. जबाब वर गेलाय. शोकात माणूस असं स्वतःच्या डोक्यावर घेतो, बघितलंय मी. तुझं मन मोठं आहे, सगळ्यांना माहितीय."

"मन कसलं मोठं! खोटं बोललो मी, कळतंय का तुला?"

"अरे, पण तिनंही तेच सांगितलंय." रेइदार गोंधळून माझ्याकडे बघत होता. "दुसऱ्या दिवशीच मी तिला बोलावलं होतं. ती स्वतःच म्हणाली, हो, यॉर्ट आहे असं मीच म्हणाले. खाली सही आहे तिची."

मी तिथून तडक घरी गेलो, टेबलाशी बसलो आणि सगळं कागदावर लिहून काढलं, पहिल्या फोनपासून. खाली मी सही केली, माग्नहिलनं केली. तो कागद घेऊन मी सिग्नेकडे गेलो. बंद पडलेल्या बेकरीच्या वर तिची खोली होती. दार तिनं लगेच उघडलं. मागं दोन खोकी अर्धवट भरलेली दिसत होती.

"मी तुम्हाला भेटायला येणार होते," ती म्हणाली. "माफी मागायला. तुमचे मित्र होते ना ते."

"माफी तू मागायची नाहीस," मी म्हणालो. मला बसायला सांगितलं तरी मी बसलो नाही. "यॉर्ट तू म्हणालीस, असं तू का सांगितलंस?"

"मी म्हणाले म्हणून."

"नाही म्हणालीस तू."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. चेहरा सुकला होता, डोळ्यांखाली काळं आलं होतं. "रेइदारनी तुमचा जबाब वाचून दाखवला," ती सावकाश म्हणाली. "मला तर काहीच धड आठवत नव्हतं. मी म्हटलं, ओडगेर कशाला खोटं बोलतील? म्हणजे मी म्हणालेच असणार. मग मी रोज आठवत बसले. आणि तीन दिवसांनी आठवलंच मला. गाडीच्या दाराला टेकून उभी होते आणि म्हणाले, यॉर्ट. माझाच आवाज ऐकू येतो मला."

 मी तिच्या पुढं कागद धरला. "हे वाच. खरं हे आहे. मी उद्या हे घेऊन शहरात जाणार, रेइदारच्या वरच्या माणसाकडे. माग्नहिल माझ्याबरोबर येतेय, तिनं सगळं ऐकलंय. तू जायला निघाली होतीस, मी अडवलं. तुझा परवाना कुणी काढू शकणार नाही."

ती खोक्यावर बसून वाचायला लागली. ओठ हलवत, हळू, आमची भाषा तिला वाचायला वेळ लागतो. एका ओळीशी थांबली आणि पुन्हा तिथंच आली.

"मी खाली जाते म्हणाले?"

"हो. टॉर्च आहे म्हणालीस. नर्स आहे म्हणालीस."

"हरणासाठी?"

मी कागदावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हरणासाठी नर्स कशाला खाली उतरेल, ओडगेर? आणि वर 'मी नर्स आहे' असं कशाला म्हणेल?" तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "म्हातारी माणसं कशी कण्हतात ते मी रोज ऐकते. भिंतीपलीकडून ऐकलं तरी कळतं मला, कोण आहे आणि कुठं दुखतंय. मला कळलं होतं. कळलं म्हणूनच विचारलं मी तुम्हाला."

"धक्क्यात होतीस तू. तेव्हा काय कळणार?"

"आणि तुम्ही यॉर्ट म्हणालात तेव्हा मला बरं वाटलं. आता आठवतंय. इतकं बरं वाटलं की पाय थरथरायचे थांबले. मग मी पट्टी शोधायला लागले. पट्टी बांधताना आवाज येतच होता, आणि मी मनात म्हणत होते, यॉर्ट, यॉर्ट, यॉर्ट."

ती रडत नव्हती. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.

"हे कुणाला सांगू नकोस," मी म्हणालो. "या कागदात आहे तेवढं पुरे आहे. तुझं आख्खं आयुष्य पडलंय समोर."

"खाली जागा आहे. लिहा."

"मी नाही लिहिणार."

"तुमचं तुम्ही लिहिलंत ना? मग माझंही लिहा. नाहीतर मी लिहिते, पण माझ्या चुका होतात आणि मला यात चूक नकोय."

मी नाही म्हणालो, चिडलो, तिला वेडी म्हणालो. तुला वाचवायला आलोय मी, असं चक्क ओरडून सांगितलं. ती पेन पुढं धरून बसून राहिली. शेवटी मी वाकलो आणि तिच्या खोक्यावर कागद ठेवून लिहिलं: आवाज माणसाचा आहे असं मला वाटलं होतं.

तिनं वाचलं. "'वाटलं' नको," ती म्हणाली. "'कळलं' लिहा."

मी खोडून 'कळलं' लिहिलं आणि तिनं सही केली.

मार्चमध्ये निकाल लागला. मला खोट्या जबाबाबद्दल दंड झाला आणि लेखी ताकीद मिळाली, पथकातून कुणी काढलं नाही. सिग्नेचा परवाना कायमचा गेला. निकालात तिच्याच वाक्याचा आधार घेतला होता, माझ्या अक्षरातल्या.